सतरा दिवस

बुधवारच्या जुन्या बाजारात, गंजक्या पकडी
आणि झाकण हरवलेली मिक्सरची भांडी यांच्यामध्ये
तो पडला होता.
इलाही बागवान म्हणाला, निजामाचा असेल, साठ द्या.
मी चाळीस दिले.
पुण्यात सम्राटाचीही घासाघीस होते.

घरी चिंच लावली नाही, तेवढं शिकलोय.
नुसतं कोमट पाणी, जुना टूथब्रश.
आधी दाढी वर आली,
मग मुकुटाचे किरण, टोकदार, मोजून पाच,
मग कडेला झिजलेलं अर्धं नाव.
क्विन्टिलस.

भाऊ साथीत गेला म्हणून हा गादीवर.
तोही रोमपासून लांब, अक्विलेयात. सिनेटनं मान डोलावली.
तिकडे डॅन्यूबकडच्या फौजेनं दुसराच निवडला
आणि याच्या छावणीत
वळकट्या बांधल्या जाऊ लागल्या.
कुणी म्हणतं, त्यानं आपल्याच हातानं शिरा कापल्या.
कुणी म्हणतं, त्याच्याच शिपायांनी मारला.
राज्य किती? बरेचजण लिहितात, सतरा दिवस.

सतरा दिवस मला ठाऊक आहेत.

श्रीधरदादा काविळीनं गेला
आणि दहावा व्हायच्या आत कार्यकारिणी जमली.
तोवर तूच बस म्हणाली, ग्रंथपालाच्या खुर्चीत.
शाल दिली, नारळ दिला.
नारळ देण्याचे दोन अर्थ मला येत होते,
त्या दिवशी एकच आठवला.
अप्पा बळवंत चौकातून शिक्का करून आणला
पदरचे सव्वाशे घालून:
वि. ना. खांबेटे, प्रभारी ग्रंथपाल.
जांभळी शाई.
मारत सुटलो. कादंबऱ्यांवर, नकाशांवर,
बांधीव दिवाळी अंकांवर,
एका रेल्वेच्या वेळापत्रकावरसुद्धा.
टेबलाला दादाची छत्री अडकवलेली होती,
ती तेवढी हलवली नाही.

अठराव्या दिवशी मिरजेहून माणूस आला,
पदवीधर, सोबत संगणक.
मला हार घालणारेच त्याला घालत होते.
हार तोच नसावा, असं मी धरून चालतो.
शिरा वगैरे काही कापल्या नाहीत.
देवघेवीच्या खिडकीशी परत जाऊन बसलो,
बावीस वर्षं.

नाण्याच्या मागे एक बाई उभी आहे,
एका हातात निशाण, दुसऱ्यात भाला.
भोवती लिहिलंय: सैनिकांची निष्ठा.

नाण्यांचे जाणकार म्हणतात,
सतरा दिवसांत इतकी नाणी पाडून होत नाहीत,
दोनेक महिने तरी केलं असावं त्यानं राज्य.
हे वाचून मी बराच वेळ दिवा न लावता बसलो.
(माझं नाणं खोटंही असेल.
वजन करून घ्यायचं टाळतोय.)

परवा वरच्या मजल्यावरची मृण्मयी
वाचनालयाचं पुस्तक घेऊन आली.
पहिल्याच पानावर, जरा तिरका, फिकट जांभळा.
म्हणाली, हे तुम्हीच ना?
जिथेतिथे असता. किती वर्षं होता?

मी चष्मा काढून पुसला.
दोनेक महिने, म्हटलं.
तरी.