शून्य केबी

अंबडच्या गाळ्यात आता लेथ नाहीत,
पुठ्ठ्याचे खोके होतात.
म्हणून जुनं सॉफ्टवेअर काढलं.
'यशस्वीरीत्या काढले,' म्हणाला कॉम्प्युटर.
तरी रोज पावणेपाचला
कोपऱ्यात चौकोन उगवतो:
मशीन तीन. तेल घाला. निमसे.

मशीन तीन भंगारात गेलं दिवाळीआधी.
निमसे सिन्नरला, लेकाकडे.

फोल्डर सापडलं. डिलीट दाबलं.
'ही फाईल दुसरीकडे उघडी आहे.'
कुठे रे बाबा?
गाळ्यात मी एकटी, शटर अर्धं खाली.

कॅनडा कॉर्नरचा पोरगा फोनवर सांगत गेला,
सेफ मोड, मग रजिस्ट्री, जपून मॅडम,
भलतीच ओळ उडाली तर मशीन उठायचं नाही.
बोट ठेवून एकेक ओळ वाचली,
नाव कमी करायला काढलेलं
रेशनकार्ड वाचावं तशी.
निमसे चौदा ठिकाणी निघाले.
तेरा पुसले.

चौदावी शून्य केबीची. आत काहीच नाही,
आणि हटेना.
"राहू द्या," पोरगा म्हणाला, "जागा खात नाही."

पावणेपाच वाजले. चौकोन आला नाही.
मी उगाच उठले,
तेलाची बुधली असायची
त्या फळीवरून हात फिरवला.

बोटं काळी झाली.