दोन्ही गुडघे झाकून

आत येण्याआधी त्यांना बाहेरच सांगून ठेवतात:
दोन्ही गुडघ्यांवर काळे पट्टे चढवा,
मांडीपासून पोटरीपर्यंत,
आणि गुन्वोरशी त्याबद्दल बोलू नका.

गुन्वोर म्हणजे मी.
टाक्यांचा व्रण माझ्या नजरेस पडता कामा नये.
कुणाच्या मांडीमागची दोरी काढून
तुटक्या अस्थिबंधाच्या जागी ओवली,
आणि कुणाला नुसताच व्यायाम दिला,
ते पाच वर्षांपूर्वी एका बंद पाकिटानं ठरवलं.
पाकिटं बर्गनला, कुलपात.

माझ्याकडे मोजपट्टी
आणि फरशीवर चिकटवलेली पांढरी रेघ.
एका पायावर उडी मारा. त्याच पायावर उतरा.
डगमगू नका.
सेंटिमीटर लिहून घेते.

आज सकाळच्या बोटीनं दोघी आल्या,
सुन्निवा आणि तोर्डिस,
एकाच हँडबॉल संघातल्या,
एकाच हिवाळ्यात गुडघे गमावलेल्या.
एकीचा भर सामन्यात.
दुसरीचा त्यानंतर सतरा दिवसांनी, सरावात,
जवळपास कुणी नसताना.
आवाज दोघींनाही आला होता.
सुन्निवा म्हणते, ओली फांदी मोडावी तसा.
तोर्डिस म्हणते, छे, गाजर.
आणि हसत सुटतात.
बोटीवरच ठरवून आल्यात,
मला थांगपत्ता लागू द्यायचा नाही.

सुन्निवा उडाली: एकशे बेचाळीस.
चांगल्या पायावर: एकशे चव्वेचाळीस.

तोर्डिस रेघेपाशी उभी राहिली.
हात मागे नेले, गुडघा वाकवला
आणि तशीच राहिली.
पुन्हा. पुन्हा तेच.
तिची नडगी धरून मी पुढे ओढून पाहिली,
घट्ट. चिरा बसवावा तशी.
(सुन्निवाची सैल होती,
बिजागरीचा खिळा निघालेल्या दारासारखी,
आणि उडाली तर तीच.)
हातांना काहीतरी अंदाज येतो.
हातांना सांगावं लागतं, गप्प बसा.

न मारलेल्या उडीला शून्य लिहीत नाहीत.
तिची खूण वेगळी असते.
ती केली.

मागच्या महिन्यात आइलिफ बोलून गेला,
खाडीतल्या माशांच्या पिंजऱ्यांवर काम करणारा.
तोंडावर हात ठेवेस्तोवर सगळं बाहेर आलं होतं:
पाकिटात व्यायाम निघाला,
अकरा महिने इमानेइतबारे केला,
मग एका पहाटे ओल्या फळीवर पाय सटकला
तसा आपणच जाऊन म्हणाला, कापा.
आता तो कुठल्या रकान्यात?
आकडेवाल्यांचा नियम सरळ आहे:
पाकिटात निघालं तेच कपाळी.
पुढे माणसानं काही का करेना.
मी वहीत नोंदलं, «तपासनिसाला कळले.»
तो विचारत होता, माझ्यामुळे बिघडलं का काही?

दोन वर्षांच्या तपासणीनंतर आकडे आले होते.
दोन्ही गटांत फरक तीळभर.
बर्गनच्या बैठकीत केक कापला.
मी घरी येऊन वह्या चाळल्या.
सरासरी उडीएवढी उडी
त्यात एकाचीही नव्हती.

शेवटी कागद भरून घ्यायचा.
पहिलाच प्रश्न:
गुडघ्याची आठवण तुम्हाला किती वेळा येते?
कधीच नाही. महिन्यातून. आठवड्यातून. रोज. सतत.
सुन्निवानं न थांबता «रोज»वर खूण केली.
तोर्डिस पेन चावत बसली. मग म्हणाली,
तुम्ही बोलावलं म्हणून आली, ती धरायची का?

याचं उत्तर आमच्या नियमावलीत नाही.
जे वाटेल ते लिही, म्हणाले.
तिनं काय लिहिलं ते पाहिलं नाही,
कागद उलटा ठेवून गेली.

खिडकीतून धक्का दिसतो.
रात्रीचं पाणी फळ्यांवर गोठलेलं.
दोघी चालल्यात, हात पसरून,
पावलं आखूड, बदकांसारखी.
त्यावरून काही ओळखू येत नाही.
इथे हिवाळ्यात सगळेच असे चालतात,
मीसुद्धा.