लवंगी बेटावर

मुंजाजीची कुत्री सव्वातीन किलोची.
हे त्याने किराणा दुकानाच्या काट्यावर मोजलंय,
गुळाच्या ढेपेशेजारी बसवून,
दुकानदार नको नको म्हणत असताना.

नाव लवंगी.
मिरचीवरून की फटाक्यावरून, ते सांगत नाही.
नाव त्याने ठेवलेलं नाही
एवढंच मला माहीत.

एप्रिल सरता सरता येलदरीचं पाणी उतरतं
आणि धरणात बुडालेला जुना रस्ता
म्हशीच्या पाठीसारखा वर येतो.
तेव्हा बेटावर गाडी जाते.
"हिला एकदा मोठं पाणी दाखवायचंय," मुंजाजी म्हणाला,
"हिनं बादलीच्या पुढं काही बघितलंच नाही."

म्हणून माझी जुनी ओम्नी,
पहाटे साडेपाचला परभणी,
तिचा दहीभात, तिची गोधडी, तिची वाटी,
आणि आम्हा दोघांत मिळून पाण्याची एकच बाटली.

बोरीपर्यंत ती भुंकली,
प्रत्येक ट्रॅक्टरवर, प्रत्येक पाटीवर,
टेम्पोत ढोलावर डोकं ठेवून झोपलेल्या
एका अख्ख्या बँडवर.
जिंतूरच्या स्टँडसमोर ओकली.
मुंजाजीने रुमालाने तिचं तोंड पुसलं
आणि विसरून त्याच रुमालाने आपलं.

पुढे डोंगर, उन्हाने भाजलेले,
मध्येच एखादा बहावा, कुणी न सांगता सजलेला,
आणि एका वळणावर खाली
एकदम निळं.
मी गाडी थांबवली.
मुंजाजीने तिला खिडकीशी उचलून धरलं.
ती त्याच्या हनुवटीकडे बघत राहिली.
"माझ्याकडं काय बघायलीस? तिकडं बघ की, येडे!"

मग तो रस्ता.
दोन्हीकडे पाणी, टायरखाली शिंपल्यांची करकर,
डांबराला वाळलेलं शेवाळ,
किलोमीटरच्या दगडावर गावाचं नाव पुसलेलं,
आकडा तेवढा शिल्लक: ४.
कशापासून चार, विचारायला कुणी नाही.

बेट म्हणजे काय, पाच-सहा बाभळी,
एक विटांचा चौथरा,
कुणाची तरी वाळत घातलेली जाळी.
लवंगीने पाण्याला एक पाय लावून बघितला.
पाणी हललं.
ती पाण्यावर भुंकली.
पाणी गेलं नाही.
असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मुंजाजी चौथऱ्यावर चढला, फोन वर धरून.
"एक कांडी आली," म्हणाला,
आणि यादीत न शोधता, पाठ असलेला नंबर लावला.
मी जाळीकडे बघत राहिलो.
पलीकडे नांदेड. कुकरची शिट्टी. थोडा वेळ कुणीच नाही.
मग बाईचा आवाज, स्पीकरवर, फाटका:
"लवंगे! ए लवंगे, कुठं गेलीस गं?"

कान उभे.
आधी फोनच्या मागे बघितलं तिने,
मग मुंजाजीच्या मागे,
मग निघालीच.
गाडीखाली, बाभळींच्या बुंध्यांत, जाळीत नाक घालून,
पूर्ण काठाने, नाक जमिनीला लावून,
जिथे पाणी सुरू होतं तिथे थांबत,
पुन्हा वळत.
आवाज केव्हाच तुटला होता.
बेटाला फेरी घालायला तिला दहा मिनिटं लागली.
इतकं लहान होतं ते,
आम्हाला वाटलं नव्हतं.

परत आली ती ओल्या पायांनी,
त्याच्या चपलेवर बसली.
त्याने दहीभात काढला. खाल्ला नाही.
मग मीच खाल्ला. मीठ कमी होतं.

निघताना मुंजाजी पुढे बघत म्हणाला,
"ह्या रस्त्यावर पाणी कधी चढतं रे?"
"जुलैत. एखाद्या साली ऑगस्ट."
त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.
बऱ्याच वेळाने:
"आणि नांदेडहून इथवर किती लागत असंल?"
"बसमत-औंढ्यावरून, तीन तास."
"हं."

लवंगी मागच्या काचेत उभी होती.
बेट लहान लहान होत गेलं,
गुळाच्या ढेपेएवढं झालं,
आणि ती अजून
त्याच्यावर भुंकत होती.