नऊ हिवाळे

हालवर्दुरच्या वह्या एकूण त्रेचाळीस.
होडी पाण्यात ढकलण्याआधी
आणि परत वाळूवर ओढल्यावर,
दिवसातून दोनदा, पेन्सिलीनं :
वारा, लाट, कॉड किती, गावात कोण आजारी.
एकसष्टच्या वहीला अजून माशाच्या तेलाचा वास येतो.
एका पानावर कपाची गोल खूण,
आणि जागा वाया जाऊ नये म्हणून
खुणेच्या आत लिहिलंय :
मुलगी झाली. वारा ईशान्येचा.

सत्त्याऐंशी साली त्या मुलीनंच
त्याला कॉम्प्युटर भेट दिला.

पुढचे नऊ हिवाळे बिस्किटांच्या डब्यात आहेत.
नऊ फ्लॉप्या. प्रत्येकीवर लेबल,
त्याच्याच हातचं, त्याच पेन्सिलीचं.
वाचता येतं ते तेवढंच.

स्टेनव्हरनं डबा माझ्या टेबलावर ठेवला.
म्हणाली, ह्यात बाबा आहेत.
मी डबा कानाशी नेऊन हलवला
(ग्रंथपालानं असं करू नये)
तर नुसता खुळखुळला.

मंत्रालयातून एक जण येऊन गेला होता मागच्या वर्षी.
म्हणे, कपाटं भाडं खातात,
सगळं ढगांत ठेवू.
आमच्या फ्योर्डमध्ये!
जिथं ढगावर विश्वास ठेवलेल्यांची नावं
चर्चच्या भिंतीवर कोरलीयत.

पण मी कागदाचीही वकिली करणार नाही.
चव्वेचाळीसची वही युद्धातल्या कागदाची,
आपल्याच आम्लानं आतून करपलेली.
पान उलटायला गेले, तर पापड मोडावा तसं मोडलं.
ब्रशनं गोळा केले तुकडे, पाकिटात भरले,
पाकिटावर लिहिलं : वर्ष पहिलं.
आज ते वर्ष वाचता येतं
कारण उन्हाळी कामाला आलेल्या एका पोरानं
बारा वर्षांपूर्वी त्याचे फोटो काढून ठेवले,
आणि मी तेव्हा त्याला म्हणाले होते,
तुला दुसरं काम नाही का?

ते फोटो मी आता सांभाळते.
दर पाच वर्षांनी नव्या यंत्रात हलवते,
बिऱ्हाड हलवावं तसे, मोजून, नावं घेऊन,
कुणी मागं राहिलं नाही ना बघत.
वह्यांना मी विसरले तरी चालतं.
पोटमाळ्यावर चाळीस वर्षं विसरल्याच होत्या सगळ्यांनी,
म्हणून तर उरल्या.
ह्यांना मात्र विसरून चालत नाही,
एका पिढीलासुद्धा.
आणि माझं पद पुढच्या वसंतात रद्द होतंय.

रेक्याविकहून ओत्तारचं पाकीट आलं मंगळवारी.
आठ फ्लॉप्या कोऱ्या. चुंबक म्हातारं झालं, लिहितो.
नववीतून एक ओळ निघाली, मध्ये मध्ये चौकोन :

▯▯ बर्फ ▯▯▯ दार उघडत नाही. स्टेनव्हरचं पत्र ▯▯▯▯▯ वारा ▯▯▯▯

तिनं ती दोनदा वाचली.
पत्रात काय होतं ते तिला आठवत होतं,
ती तेव्हा डेन्मार्कात शिकत होती, पैसे मागितले होते.
ते तिनं विचारलंच नाही.
विचारलं, वारा कुठून?

मी कपाटातून कोरी वही काढली,
आम्ल नसलेली, महागातली,
आणि पेन्सिलीनं ओळ उतरवून घेतली.
चौकोनांच्या जागा मोजून मोकळ्या सोडल्या.
वाऱ्यापुढे चार.
मग त्या पानाचा फोटो काढला.