परीटघडी

भिंतीवर दरपत्रक होतं:
थोब दोनशे फिल्स, घुत्रा शंभर,
गणवेश महिनाअखेरीस, ठाण्याच्या खात्यावर.
झेंड्याचा दर नव्हता.

फेब्रुवारीत उम्म रिदा झेंडा घेऊन आली.
लाल-पांढरा, मधे करवतीचे दात.
धुवायचा नाही, म्हणाली, नुसती इस्तरी,
धुतला तर लाल पांढऱ्यात उतरेल.
मी पैसे घेतले नाहीत.
धाडस नव्हे, किती घ्यायचे तेच कळेना.

मग अर्धं सनाबीस चौकात राहायला गेलं.
सहा शिडांनी उचलून धरलेला मोती,
त्याच्याखाली तंबू, चुली, एक न्हावी,
राजाला उद्देशून अर्ज लिहिणारे, अर्ज फाडणारे.
मी सायकलवरून कपडे तिथेच पोचवायचो,
गिऱ्हाईक घरी होतं कुठे?
पत्ता सांगत: तिसरा तंबू, पॉपकॉर्नच्या गाडीमागे.

रिदानं मला बसवून घेतलं, हरीसचं ताट पुढे केलं.
"तुमच्याकडे राजा आहे?"
होता, म्हटलं. सावंतवाडीला.
आता त्याच्या वाड्यात गंजिफा रंगवतात,
तिकीट काढून बघावे पत्त्यांवरचे राजे.
सगळे हसले. एक म्हातारा हसला नाही.
"किती वर्षं लागली?"
मी सातवीत शाळा सोडली.
तो धडा पुढच्या इयत्तेत असावा.

पुलावरून रणगाडे आले तेव्हा मी कॉलरी करत होतो.
चौथ्या दिवशी मोती पाडला.
आवाज दुकानात आला नाही, फक्त हँगर हलले.
पाचशे फिल्सच्या नाण्यावर तो अजून उभा होता,
पुढे ती नाणीही परत गोळा केली.

त्यानंतर कपडे यायला लागले.
थोबांना कांद्याचा वास,
गणवेशांना बुटाच्या पॉलिशचा,
धुराचा दोघांनाही.
मशिनीतून निघाला तरी धूर विणीत दबून बसायचा,
इस्तरी फिरली की वाफेसोबत उठायचा.
शेरजान शिपायाच्या बाहीवर रडलो,
सलमानियाच्या कंपाउंडरच्या कोटावर रडलो,
डोळे गिऱ्हाईक बघत नव्हते.
शेरजान तुर्बतचा. "मीही पगारावरच, भाऊ," म्हणाला,
आणि पँटची क्रीज नीट आहे का ते बघून घेतलं.

रक्ताला थंड पाणी लागतं, गरम चालत नाही.
हे बापानं शिकवलेलं, चिपळूणला,
बाळंतिणींच्या लुगड्यांवर.

रात्री गच्च्यांवरून तकबीर.
पहाटे भिंतीवर अक्षरं,
दुपारी पालिकेचा माणूस त्यांवर रंग मारून जातो,
पहाटे पुन्हा अक्षरं.
पाच वर्षांत गल्ली बोटभर अरुंद झाली असेल
नुसत्या रंगानं.

भावानं फोनवर विचारलं,
"तिकडची घडी बसली ना रे आता?"
घडी, अरे, मला विचार.
वजन ठेवायचं, ताप द्यायचा, बसते.
सुताला विचारून कोण बसवतं?

एकशे चौदा नंबरचा थोब अजून फळीवर आहे.
दर महिन्याला उम्म रिदा येते,
दोनशे फिल्स ठेवते. "पुन्हा कर."
घरी का नेत नाही, एकदा विचारलं मी.
"त्याला नेलं," ती म्हणाली,
"तेव्हा पावती त्याच्या खिशात होती."

पावतीचा कागद तिथे किती टिकणार?
मागच्या सुट्टीत गावाहून बिब्बे आणले.
कॉलरच्या आत टाचणीनं तीन ठिपके दिले,
वर चुना चोळला.
बापाची खूण. कापड विरलं तरी ती राहते.

धुतो. वाळवतो. इस्तरी करतो.
मोडायची ती त्याची त्यानं मोडावी.