अंगठा

लाखांदूरच्या पोस्टात चौतीस वर्षं
दुसऱ्यांची पासबुकं भरली.
आता माझीच रक्कम समुद्रापल्याड ठेवायची,
वर्षभर हात लावायचा नाही,
तरच म्हणे तिथं म्हातारं होऊ देतात.

तीन बँका. व्याज उन्नीस-बीस.
एकीच्या फोटोत दाराशी बाकडं आहे.
"बाकड्यावर काऊन भुलता जी?"
देवांगना म्हणते, लाखोळी निवडता निवडता.

मी तिघींना एकच विचारलं :
सही थरथरली, जुळली नाही, तर?
दोघींनी नियम धाडले.
तिसरीनं एक ओळ : अंगठा चालेल.

खिडकीशी सायत्रा यायची.
अंगठा उमटवला की शाई
केसांना पुसून टाकायची,
पैसे मोजायच्या आधी.

तिसरीचा फॉर्म भरताना
माझा हात उगाच
टकलावरून फिरून आला.