आपलं आपण

खोक्यावर छापलंय, सोपं आहे, फक्त पाच पायऱ्या.
आत एक पांढरी डबी, एक अडॅप्टर,
पिवळ्या वायरीचं वेटोळं,
आणि चित्रातला माणूस, त्याला घाम येत नाही.

मी छत्तीस वर्षं टेलिफोनच्या केबली जोडल्या.
बिबवेवाडीच्या चढावर, खड्ड्यात मांडी घालून,
तांब्याच्या जोड्या रंगावरून ओळखायच्या,
निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखी,
वर कुणीतरी छत्री धरलेली,
आणि काम झालं की त्या घरचा चहा
खड्ड्याच्या काठावर यायचा.
आता त्याच चढावर, तिसऱ्या मजल्यावर,
ग्राहक मी, लाइनमनही मीच.
चहा तेवढा कुमुदने केला,
तोही "झालं का?" असं विचारत.

पायरी पहिली : भिंतीतलं सॉकेट शोधा.
ते निघालं लोखंडी कपाटाच्या मागे.
कपाट ओढलं. एक कंगवा मिळाला,
एक वीजबिल, भरलं होतं की नाही कोण सांगणार,
आणि हर्षदच्या कॅरमची राणी,
जिच्यावरून एकदा घरात मारामारी झाली होती.

दुसरी, तिसरी. वायर कोपऱ्यातून नेली,
चौकटीवरून खाली, प्रत्येक वळण काटकोनात,
वीत-वीतभर अंतरावर क्लिप.
खळदकर साहेब असते तर पाठ थोपटली असती.
चौथी : बटण दाबा.
पाचवी : हिरवा दिवा लागेल.

लाल लागला.

हेल्पलाइनवर आधी बासरी, मग आफरीन.
"सर, बंद करून चालू केलंत का?"
केलं. चार वेळा.
"सर, इथून तुमची लाइन दिसत नाहीये."
मला दिसतेय, बाई, हातभर लांब आहे.
तांबं असतं तर कानाला लावून सांगितलं असतं
कुठे तुटलंय, कुठे पाणी शिरलंय.
तांबं गुणगुणायचं.
ही काच. केसाएवढी. आतून उजेड जातो म्हणे,
आणि तोंडातून शब्द काढत नाही.

रात्री अकराला भिंग घेऊन बसलो.
पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात :
वायर काटकोनात वळवू नये.

छत्तीस वर्षं जे बरोबर होतं
तेच तर केलं होतं.

एकेक क्लिप उपटली, रंगाचे पोपडे निघाले.
वायर सैल सोडली, कपड्यांच्या दोरीसारखी लोंबती.
हाताखालच्या पोराने अशी टाकली असती
तर पुन्हा करायला लावली असती मी.

हिरवा.

कुमुद झोपली होती. कपाट चार बोटं पुढेच राहिलं.
मोबाइलवर मेसेज :
तंत्रज्ञ वेळेवर आला का? वागणूक कशी होती?
पाचपैकी किती तारे द्याल?

चष्मा पुसला. तीन दिले.
खालच्या चौकटीत लिहिलं :
माणूस जुना आहे. काम नीट करतो.
चहा विचारावा.